तोंडात धरलेला शब्द

ऑल्डरबीचे शाळामास्तर जर्व्हिस पेल एका पहाटे जागे झाले ते उजवं अंग लुळं घेऊन, आणि तोंडातली इंग्रजी कुठेतरी हरवून. फेब्रुवारीतला कँडलमसचा सण नुकताच होऊन गेला होता. अंगणातल्या बादलीत पाणी गोठलं होतं. त्यांची बायको थॉमसिन चुलीपाशी वाकून राखेतला निखारा शोधत होती. आत काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला म्हणून ती धावली, तर मास्तर पलंगाच्या कडेला अर्धे लोंबकळत होते आणि एकसारखं बोलत होते. जीभ थोडी जड होती, पण बरळणं नव्हतं ते. शब्दाला शब्द लागून येत होता. फक्त त्यातला एकही तिला कळत नव्हता.

"मास्तर, मला समजेल असं बोला," ती म्हणाली. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, लग्न झाल्यापासून तीही तेच म्हणत आली होती.

मास्तर थांबले. डोळे मिटून त्यांनी ओठ जुळवले. काहीतरी जड उचलावं तसा चेहरा झाला, आणि पुन्हा आली ती शाळेतली लॅटिनच.

न्हाव्याने येऊन हाताची शीर उघडली, वाडगाभर रक्त काढलं आणि आता देवावर सोडा म्हणून सांगून गेला. मग शेजारची बेट्रिस आली. तिचा नवरा राफ कातडी कमवायचा, त्यामुळे ती कुठेही गेली की तिच्या आधी वास पोचायचा. दाराशी उभी राहून तिने थोडा वेळ कान दिला.

"माझ्या आजीच्या वेळी इथे पोपचा धर्म होता, तेव्हा पाद्री असंच बोलायचे," ती म्हणाली. "चर्चच्या वॉर्डनच्या कानावर गेलं ना, तर म्हणेल, मास्तर आतून पोपचा माणूस निघाला."

"जन्मभर पोरांच्या डोक्यात जी भाषा कोंबली, तीच उरलीय त्यांच्यापाशी. त्यात पोपचं काय आलं? आत ये आणि पाय धर, त्यांना वर घ्यायचंय."

दुपारी लँबर्ट क्रेव्हन आला. तो मास्तरांचाच जुना विद्यार्थी. केंब्रिजहून शिकून परत आला होता आणि त्यांच्या हाताखाली शिकवत होता, आता शाळा त्याच्याच गळ्यात पडणार होती. तो पलंगापाशी बसला आणि लॅटिनमध्ये काहीतरी विचारलं. मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. ते बोलत राहिले, मध्येच रडले, परत बोलले. लँबर्ट नुसता मान हलवत होता.

"काय म्हणतात?" तिने विचारलं.

"तहान लागलीय म्हणतात."

"एवढंच? इतका वेळ बोलले ते."

लँबर्टचे कान लाल झाले. "बाकीचं तुमच्याविषयी होतं, बाई. ते मी माझ्या तोंडाने कसं सांगू?"

तिने मास्तरांना हलकी बिअर पाजली. ओघळ पुसता पुसता तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आपल्या नवऱ्याचं बोलणं आता आपल्याला चाळणीतून गाळून मिळणार. आणि चाळणीत राहील ते आपलं असेल.

"तुमच्या शाळेत ते मोठं पुस्तक आहे ना," ती लँबर्टला निघताना म्हणाली, "साखळीने बांधलेलं? त्यात लॅटिनसमोर इंग्रजी छापलेली असते, असं मास्तर सांगायचे."

"शब्दकोश? आहे की. पण तुम्हाला लॅटिन कुठे येते?"

"इंग्रजी येते. मला अर्धंच पुस्तक वाचायचंय."

थॉमसिन पाणथळीत वामी, म्हणजे सापासारखे लांब मासे, पकडणाऱ्या माणसाची मुलगी. लहानपणी गावातल्या एका म्हातारीने लाकडी पाटीवरची अक्षरं तिच्याकडून घोकून घेतली होती. ती जाड, काळी, कोपरेदार अक्षरं. त्यांच्या जोरावर ती स्तोत्रं वाचायची. लिहायला मात्र कुणी शिकवलं नाही, आणि तिलाही कधी लागलं नाही. ते पुस्तक तिने उघडलं तेव्हा पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं की पानावर दोन तऱ्हेची माणसं राहतात. लॅटिन होती बारीक, गोल, उघड्या अक्षरांत, आणि दर शब्दापुढे इंग्रजी होती जाड काळ्या अक्षरांत, तिच्या पाटीवरच्या. तिला वाटलं, अनोळखी गावात शिरावं आणि दर दाराशी आपल्या ओळखीचं कुणीतरी उभं असावं.

अक्षरांचा क्रम लँबर्टने दाखवला. बाकीचं ती स्वतःच शिकली. घर आणि शाळा यांच्यामध्ये चर्चच्या दफनभूमीचं आवार होतं. मास्तर एक शब्द बोलले की ती तो तोंडात धरायची आणि निघायची, ओठ हलवत, थडग्यांमधून, भरलेली घागर नेताना चालावं तशी. वाटेत कुणी काही विचारलं तर मानेनेच उत्तर. एकदा पाद्रीसाहेबांनी हवा बरी आहे म्हटलं, तर तिने त्यांना हाताने बाजूला सारलं. गावात बोलणं झालं की पेलबाईला नवऱ्याच्या आजाराने गर्व चढलाय.

बऱ्याचदा शब्द सापडायचाच नाही. मास्तर 'सायबस' म्हणाले, ती एस अक्षराची पानंच्या पानं चाळून रिकामी परतली. मग मास्तरांनी तिचा हात ओढून घेतला आणि डाव्या बोटाने तळहातावर एक अर्धं कडं काढलं. सी. ती पुन्हा गेली. 'अन्न. माणसाचे वा जनावराचे खाणे.' ती घरी आली आणि तिने मास्तरांना वामीचं कालवण भरवलं. अर्धं दाढीत गेलं, पण दोघंही खुशीत होती. पुढे तिला हेही कळलं की लॅटिन शब्दाचं डोकं जागेवर असतं आणि शेपूट मात्र हलत असतं. शेपटाकडे बघायचं नाही, डोकं धरून शोधायचं. वामीच्या बाबतीतही तसंच असतं, हे तिला बापाने शिकवलं होतं.

शोधता शोधता भलतेच शब्द डोळ्यांखाली यायचे आणि ती तिथेच अडकायची. तिला आतापर्यंत वाटायचं की इंग्रजी ही भाकरीची आणि बाजाराची भाषा. छापायचं ते फक्त देवाने सांगितलेलं तेवढं. आणि इथे एका शब्दापुढे जाड अक्षरांत छापलं होतं, 'चीज गाळल्यावर खाली उरणारे हिरवट पाणी.' ते पाणी ती रोज सकाळी डुकरांना घालत होती. कुणीतरी शहाण्या माणसाने ते पाहिलं होतं, हिरवट आहे हे ध्यानात ठेवलं होतं, आणि रोमच्या शब्दाशेजारी मानाने बसवलं होतं. म्हणजे त्या लोकांचंही चीज गळत होतं. कुठल्यातरी बाईने तिथे फडकं पिळलं होतं. थॉमसिनने त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि ती उभीच राहिली. चुलीवरची पेज करपली त्या दिवशी.

एका संध्याकाळी ती मास्तरांची उशी नीट करत असताना ते तिच्याकडे बघून अगदी सावकाश काहीतरी म्हणाले, विद्यार्थ्याला सांगावं तसं. त्यातला एकच शब्द तिला धरता आला. दुसऱ्या दिवशी तो पुस्तकात मिळाला. 'खालून धरून ठेवणे, पडू न देणे, जसा खांब छपराला.' इंग्रजी होती तेव्हा मास्तर तिच्याशी काय बोलायचे, ते तिने आठवून पाहिलं. मीठ कमी आहे. दिवा आण. पोरं आज गाढवासारखी वागली. वाईट नव्हते ते, पण असलं कधी बोलले नव्हते. किंवा बोलले असतील, तिला न कळणाऱ्या भाषेत, मनातल्या मनात. घरी येऊन तिने त्यांच्या कपाळावर तोंड टेकवलं, आणि मग दळण राहिलंय म्हणून उठून गेली.

ईस्टर आलं. लँबर्ट सुट्टीत लिंकनला बहिणीकडे गेला आणि शाळेची किल्ली थॉमसिनकडे ठेवून गेला. नेमक्या त्याच दिवसांत मास्तरांचं बोलणं आटलं. बाकी सगळं गेलं आणि एकच शब्द राहिला. सकाळी खिडकीची फळी उघडली की म्हणायचे, "ईस्टस." जेवताना म्हणायचे, "ईस्टस."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थॉमसिनच्या हातून भांडंच पडलं. "बेट्रिस," तिने कुंपणावरून हाक मारली, "इंग्रजी आली परत. ईस्ट म्हणतायत. पूर्व."

दोघींनी मिळून खुर्ची ओढली, मास्तरांना पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"पूर्वेकडे तोंड करून माणसाला पुरतात गं," बेट्रिस म्हणाली. "बसवत नाहीत."

मास्तरांनी भिंतीकडे बघितलं, मग दोघींकडे, आणि डोळे असे फिरवले, जणू मंद मुलांनी भरलेला वर्गच समोर असावा. ईस्ट नव्हतं ते.

ई अक्षराखाली काही मिळालं नाही. शेवटी मास्तरांनी तळहातावर दोन अक्षरं काढली, ए आणि त्याला चिकटून ई. जोडीने चालणारी ती अक्षरं तिने पुस्तकात पाहिली होती, पण छापणाऱ्याची चूक समजून सोडून दिली होती. तिथे शब्द होता. 'उष्णता, जाळ, उन्हाचा वा तापाचा.' तिने पुढे वाचलंच नाही. तशीच धावत घरी आली, मास्तरांच्या अंगावरची घोंगडी ओढून काढली, खिडकी सताड उघडली आणि ओल्या फडक्याने छाती पुसायला लागली. एप्रिलचा गार वारा आत आला. मास्तर कुडकुडले, डाव्या हाताने त्यांनी फडकं भिरकावलं आणि म्हणाले, "ईस्टस."

ती परत गेली. त्याच शब्दापाशी, पुढच्या ओळीवर. 'मनाची घालमेल. हे की ते, न ठरणे.' आता मात्र तिला खात्री पटली. घरी येऊन तिने स्टूल ओढलं, त्यांचा चांगला हात हातात घेतला.

"कसली घालमेल आहे, मास्तर? मरणाची भीती वाटते का?"

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी मान हलवली. हो. मग परत हलवली, नाही. आणि हात सोडवून खिडकीबाहेर दाखवत तोच शब्द म्हणाले, पण आता रागाने नाही, हळू.

त्या दिवशी थॉमसिन शाळेत जाऊन बाकावर बसली आणि शब्दाच्या शेवटापर्यंत वाचत गेली. मजकूर ओलांडून दुसऱ्या रकान्यात जात होता. अगदी तळाला होतं, 'समुद्राचे चढणे आणि उतरणे. भरतीचे पाणी.'

मास्तर समुद्रकाठचे होते, हे तिला ठाऊक होतं, पण कुणाचंही गाव नुसतं नावाने ठाऊक असावं, तेवढंच. त्यांचा बाप समुद्र अडवणाऱ्या बांधाचा राखणदार. मास्तर केंब्रिजला शिकत असताना बांध फुटला, त्यात घर आणि घरातली माणसं गेली. तिथे आता काही नाही, एवढंच ते सांगत. ते कधी परत गेले नाहीत. ऑल्डरबी टेकड्यांच्या कुशीत होतं. समुद्र गाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, पण थॉमसिनने तो पाहिला नव्हता. मास्तर न्यायचे नाहीत, आणि दुसरं कोण नेणार?

"राफ, तुझी गाडी हवीय," ती शेजारी जाऊन म्हणाली. "मास्तरांना समुद्रावर न्यायचंय."

राफ कातडं खरवडत होता. "मरतील वाटेत."

"मरतील तर मरतील. त्यांनी मागितलंय."

"लॅटिनमध्ये?"

"लॅटिनमध्ये. मी शोधलंय ते."

राफने सुरी पुसली. बेट्रिस आतून म्हणाली की ती पण येणार, नाहीतर थॉमसिन वाटेत रडली तर धरायला कोण.

अंधार असतानाच निघाले. गाडीत कातड्यांचा वास मुरलेला होता, त्यावर गवत पसरून मास्तरांना टेकवून बसवलं. टेकड्या उतरल्या आणि सपाटी लागली, पाण्याचे पाट, मेंढ्या, आणि एवढं मोठं आभाळ की थॉमसिनला खाली वाकून बसावंसं वाटलं. दुपारच्या सुमारास ते बांधाशी पोचले. राफने मास्तरांना पाठीवर घेतलं आणि वर चढला. बायका मागोमाग गेल्या.

पलीकडे काही नव्हतं. ओली वाळू, आणखी ओली वाळू, आणि पार कडेला एक करडी रेघ.

"हाच का तो?" बेट्रिस म्हणाली. "एवढ्यासाठी माझी हाडं खिळखिळी केलीत?"

मास्तर हसले. तोंडाची एकच बाजू वर गेली, पण हसले. त्यांनी थॉमसिनला बोटाने खुणावलं. थांब.

चौघं बांधावर बसली. भाकरी आणि चीज काढलं. ऊन तापलं तशी वाळूवरची हवा थरथरायला लागली, भट्टीच्या तोंडाशी थरथरते तशी. मग थॉमसिनला दिसलं की ती रेघ जाड झालीय. आवाज काहीच नव्हता. वाळूत आधी बारीक नागमोडी ओहोळ चमकले आणि त्यांतून पाणी वर यायला लागलं, तळातून बुडबुडत, दूध उतू जायच्या आधी कडेने बुडबुडतं तसं. पाणी पुढे यायचं, अडखळायचं, मागे फिरायचं, जणू यावं की न यावं हे त्याचंच ठरत नव्हतं, आणि तरी प्रत्येक वेळी थोडं जास्त पुढे. मघाशी ज्या वाळूवर पक्षी चालत होते तिथे आता पाणी होतं. मग त्या आख्ख्या सपाटीवर पाणीच पाणी झालं, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, आणि ते थांबेना. आता त्याला आवाज आला होता.

थॉमसिन केव्हा उभी राहिली ते तिला कळलं नाही. पुस्तकात त्या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी आहेत असं तिला वाटलं होतं, आणि त्यातली नेमकी कुठली, हे शोधत ती इतके दिवस शाळेत आणि घरात धावत होती. आणि इथे तिन्ही एकत्र तिच्या पायांकडे येत होत्या. उकळणारं, न ठरणारं, चढणारं. ज्यांनी हा शब्द केला ते कधीतरी असेच काठावर उभे असणार. त्यांनी पाहिलं आणि एकच शब्द म्हटला. आपल्या लोकांना त्यासाठी दीड रकाना लागला, तरी त्यांनी तो खपून लिहून काढला, जाड अक्षरांत, वामी धरणाऱ्याच्या मुलीलाही वाचता येईल असा.

"उष्णता," ती पुटपुटली. "घालमेल. समुद्राचे चढणे आणि उतरणे."

"कुणाशी बोलतेस?" बेट्रिसने विचारलं.

मास्तरांची जीभ तिथे सुटली. पाणी बांधाच्या पायथ्याशी लागलं तसे ते बोलायला लागले, ओळीमागून ओळ, हात हलवत, कधी पाण्याकडे, कधी आभाळाकडे दाखवत. थॉमसिन त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन बसली आणि जमतील तेवढे शब्द धरत गेली.

परतीच्या वाटेवर तिने सगळ्यांना बजावलं, "कुणी माझ्याशी बोलायचं नाही. माझं तोंड भरलेलं आहे."

राफ बिचारा गप्प बसला. पण वाट खड्ड्यांची होती, आणि प्रत्येक खड्ड्याला एकेक शब्द सांडत गेला. बेट्रिस झोपेत घोरायला लागली, तेव्हा दोन एकदम गेले. ऑल्डरबीला पोचेपर्यंत एकच उरला होता, 'मर्गस'. सकाळी दव असतानाच ती शाळेत गेली, कुलूप काढलं, पान उघडलं. तिथे छापलेलं होतं, 'समुद्रावरचा एक पक्षी.'

बस, तेवढंच. कसला, केवढा, काही नाही. थॉमसिन त्या रिकाम्या वर्गात एकटीच हसायला लागली आणि कितीतरी वेळ हसत राहिली. एवढं मोठं पुस्तक, तेही कुठेतरी थांबून हात टेकत होतं. लँबर्ट परत आल्यावर तिने त्यालाही विचारलं. त्याने डोकं खाजवलं. "बाई, मी समुद्र पाहिलेला नाही," तो म्हणाला.

मास्तर त्या उन्हाळ्यात बरे होते. गहू कापणीला आला तेव्हा दुसरा झटका आला, आणि त्यात लॅटिनही गेली. नंतरचे थोडे दिवस ते नुसते बघायचे. थॉमसिन पलंगापाशी बसून त्यांना पुस्तकातल्या पाठ झालेल्या ओळी म्हणून दाखवायची, फक्त इंग्रजी बाजू, आणि त्यांची बोटं तिच्या तळहातावर हलायची. अक्षरं होती की नुसतं हलणं, हे तिला सांगता आलं नसतं. एका सकाळी ते गेले.

शाळेच्या विश्वस्तांनी मग विचारलं की बाईमाणसाचं वर्गात काय काम. लँबर्टने सांगितलं की पुस्तकांना कसर लागते, पानं उघडून वारा द्यायला कुणीतरी हवं, आणि पेलबाई फुकट करतायत. फुकट म्हटल्यावर त्यांनी होकार दिला. पोरं सुट्टीवर गेली की ती जायची, खिडकीपाशी बसायची आणि वाचायची. आता शोधायचं असं काही नव्हतं. ती पहिल्या पानापासून निघाली होती.

ऑक्टोबरात एका दुपारी ती आणि बेट्रिस घराच्या भिंतीला टेकून बाकावर बसल्या होत्या. भिंत तापली होती. बेट्रिस वाटाणे सोलत होती.

"आता घरात लॅटिन बोलणारं कुणी राहिलं नाही," बेट्रिस म्हणाली. "मग कशाला जातेस गं?"

"काल एक शब्द मिळाला," थॉमसिन म्हणाली. "अप्रायकर."

"काय असतं ते?"

"उन्हात बसून अंग शेकणे."

बेट्रिसचे हात थांबले. "याला त्यांनी शब्द केलाय? आख्खा वेगळा?"

"आख्खा."

"रोमच्या माणसांनी?"

"हो."

बेट्रिसने भिंतीकडे पाहिलं, मग आपल्या वाळलेल्या, डागाळलेल्या हातांकडे. वाटाण्यांची टोपली तिने खाली ठेवली, पाय लांब केले आणि डोकं मागे टेकलं.

"म्हण बरं परत एकदा," ती म्हणाली.